नवशिक्यांच्या स्पर्धेचा रविवार

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत बिनतारी संदेश पाठवण्याच्या कामावर होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि आबा पेन्शन घेऊन शिंदे की छावनीतल्या आमच्या घरी बसले. फौजेच्या मोडीत निघालेला एक बिनतारी संच त्यांनी मिळवला, हौशी लोकांना मिळतो तसला परवाना दिल्लीहून काढला आणि रोज सकाळी चहा झाला की तारेच्या चावीवर बोट ठेवून डा-डिट-डा करत मद्रास, कलकत्ता, कधी कोलंबोशीसुद्धा बोलू लागले. शेजारीण विचारायची, "बाबूजी, तारघर खोल लिया क्या?" आबा मान डोलवायचे.

ही विद्या मला यावी अशी त्यांची फार इच्छा होती. मी सरकारी दफ्तरातून कारकुनी करून आलो की ते मला समोर बसवत आणि चावीवर इंग्रजी वाक्यं वाजवत; मी ती ऐकून कागदावर उतरवायची. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायको मॅट्रिक झालेली, उज्जैनची. ती पलीकडे स्वयंपाकघरात पोळ्या करत असायची. एका संध्याकाळी मी एका शब्दावर अडकलो. आबांनी तो पुन्हा वाजवला, तरी मला लागेना.

"वेदर म्हणाले मामंजी," ती आतून म्हणाली.

आबा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "सूनबाई, तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. रोज कानावर पडतं."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी आणखी एक पाट आला. पुढचं सांगायला मला आजही फारसा आनंद होत नाही. मी अक्षरं मोजत ऐकायचो. ती अख्खे शब्द ऐकायची. परवान्याच्या परीक्षेला आम्ही दोघं आबांबरोबर दिल्लीला गेलो. ती पहिल्या खेपेला पास झाली, मी दुसऱ्या. परतताना गाडीत आबा तिलाच व्हॉल्व्ह आणि एरिअलच्या गोष्टी सांगत होते. मी खिडकीबाहेर चंबळच्या बेहडातल्या मातीच्या घळी बघत राहिलो.

अखेर दोघांनाही परवाने मिळाले. त्याच सुमारास दक्षिणेकडच्या एका क्लबाने स्पर्धा जाहीर केली. परवाना मिळून वर्ष न झालेल्या नवशिक्यांसाठीच ती होती. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत जमतील तितक्या लोकांना गाठायचं, आवाज कसा येतो ते सांगायचं, आपला क्रमांक द्यायचा, त्याचा घ्यायचा आणि पुढे जायचं. नवशिकेपण एकदाच असतं, तेव्हा संधीही एकदाच. घरात संच मात्र एक. मी बसणार हे मी धरूनच चाललो होतो. आबांनी मात्र दोघांचाही सराव चालू ठेवला.

तो प्रश्न सरकारने सोडवला. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळ झाली. आमची दफ्तरं गाठोडी बांधून निघाली आणि त्यांच्याबरोबर मीही. भोपाळात घरं मिळेनात, म्हणून आम्ही ग्वाल्हेरचे काही कारकून एका खोलीत दाटीवाटीने राहू लागलो. बायको ग्वाल्हेरलाच राहिली. स्टेशनवर मी तिला म्हटलं, "आता स्पर्धेला तूच बस." मोठेपणाने म्हटलं, पण तिच्याकडे न बघता.

"तुम्ही असता तर तुम्हीच बसला असता," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही.

भोपाळात एका प्राध्यापकांकडे असा संच होता. स्पर्धेच्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. थोडं शोधल्यावर बायकोची हाक सापडली. काय सांगू, इतकं स्वच्छ वाजत होतं की प्राध्यापकांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. "कौन है ये?" त्यांनी विचारलं.

"ग्वालियर का कोई है," मी म्हणालो.

त्यांनी मला चावी दिली. त्यांच्या केंद्राच्या नावाने मी तिला हाक घातली. तिने लगेच उत्तर दिलं: आवाज उत्तम, हा माझा क्रमांक, आभार. आणि दुसऱ्याला घेतलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. तरी मी कान लावून बसलो, पुढे काही येतंय का म्हणून.

स्पर्धा संपली, तरी ती थांबली नाही. निलगिरीकडचा कुणी एक तिच्याशी बोलत होता. पाऊस, चहाचे मळे, त्याचं एरिअल कसं वाऱ्याने पडलं. तीही सांगत होती: इथे थंडी सुरू झाली, सासरे शेजारी बसलेत, यजमान भोपाळला असतात. माझा उल्लेख तेवढाच. चावीवरचा हात हस्ताक्षरासारखा ज्याचा त्याचा वेगळा असतो; त्या माणसाचा सुरेख होता, हे मला कबूल करावं लागलं, आणि म्हणूनच जास्त जळलो. प्राध्यापकांच्या घरची खिचडी मला गेली नाही.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा तिला दुसरं बक्षीस मिळाल्याचं कळलं. आबांनी प्रशस्तिपत्र बैठकीत लावलं होतं. मी तिला विचारलं, "तो निलगिरीवाला कोण?"

"माहीत नाही. वयस्क असावेत, किंवा नसतीलही." ती तीळ भाजत होती. "त्यांचा हात छान होता. ऐकत राहावंसं वाटलं."

"आणि भोपाळच्या प्राध्यापकांचा?"

"तुमचा होता तो. कळलं मला." कढईकडे बघत ती म्हणाली, "तुमच्याशी गप्पा मारायला लागले असते तर पुढची माणसं निघून गेली असती ना?"

हिशेब बरोबर होता, पण माझं समाधान झालं नाही.

पुढे क्वार्टर मिळालं आणि ती भोपाळला आली. आबांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. त्यांनी संच आमच्याबरोबर दिला. नव्या पत्त्याची परवानगी यायला बरेच महिने गेले. परवानगी आली त्या सकाळी बायकोने एरिअल ताणलं, संच तापवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आधी तुम्ही."

मी हाक घातली. उत्तर निलगिरीहून आलं. मी माझं नाव सांगितलं, ग्वाल्हेरहून भोपाळला आल्याचं सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला: ग्वाल्हेरला एक बाई होत्या, असा हात पुन्हा ऐकला नाही, ओळखता का त्यांना?

सगळं खोलीभर वाजत होतं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"ओळखतो," मी वाजवलं, आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली.