पेशकारांनी खरवडलेली माय

सुधाकरराव आदिलाबादच्या तहसील कार्यालयात एकतीस वर्षे पेशकार होते. अधिकाऱ्यापुढे मिसल, म्हणजे प्रकरणाची फाइल, ठेवायची आणि ती जशीच्या तशी पुन्हा कपाटात न्यायची, हे त्यांचे काम. एवढ्या वर्षांत नोंद केल्यावाचून त्यांनी मिसलीतून एकही कागद काढला नाही, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. ते खरे असावे. जिल्ह्याचा इतिहास धुंडाळताना त्यांनी लावलेल्या चाळीसेक मिसली मी पाहिल्या आहेत. हे आधीच नमूद करतो, कारण पुढचा प्रकार अजाणतेपणी घडला ही सबब त्यांना मिळू नये.

निवृत्तीनंतर अपूर्वाने, त्यांच्या मुलीने, त्यांना नऊ दिवस इटलीला नेले. अशा सहलीवरून परतलेला माणूस सहसा छायाचित्रे दाखवून थांबतो. सुधाकरराव सिद्धान्त घेऊन आले. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममधल्या एका द्राक्षमळ्यात जमिनीखालून एक प्राचीन शिल्प निघाले आणि ते पाहून तिथले कलावंत थक्क झाले, असे वाटाड्याने त्यांना सांगितले होते. ही गोष्ट खरी आहे. सुधाकररावांनी तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांचा स्वतःचा: मूर्ती सापडली म्हणून युरोप जागा झाला, आदिलाबादला अजून मूर्ती सापडायची आहे, म्हणून ते झोपलेले आहे.

वाचनालयातल्या व्याख्यानात त्यांनी इजिप्तपासून मायकेलअँजेलोपर्यंतची चार हजार वर्षे पन्नास मिनिटांत उरकली. मेसोपोटेमियाला तीन मिनिटे मिळाली, बुद्धाला दोन. शेवटी त्यांनी जाहीर केले की पैनगंगेकाठच्या सावरगोंदीत ग्रीक देवी अथेना उभी आहे आणि महिन्याभरात तिचा चेहरा आपण जगाला दाखवू. टाळ्या झाल्या. त्या दिवसापासून सुधाकररावांची सारी प्रतिष्ठा त्या न पाहिलेल्या चेहऱ्यावर टांगली गेली.

सावरगोंदीत ही देवी मातामाय म्हणून ओळखली जाते. कमरेएवढा वालुकाश्म, त्यावर तेल-शेंदराचा चार बोटे जाड थर आणि थरावर चांदीचे डोळे. डोक्याचा भाग जरा फुगीर आहे. तो सुधाकररावांना अथेनाच्या शिरस्त्राणासारखा दिसला. सातवाहनकाळी यवन, म्हणजे ग्रीक, व्यापारी दख्खनेत येत असत, एवढाच काय तो त्यांच्याजवळचा पुरावा. या तर्काने जिल्ह्यातला प्रत्येक फुगीर धोंडा ग्रीक ठरेल.

शेंदूर चढवण्याचा मान कुसुमबाईंच्या घराकडे. दर मंगळवारी त्या एक हात फिरवतात. पिढ्यान्‌पिढ्या साचलेला थर जड झाला की केव्हातरी आपोआप सुटतो. त्याला गावात खोळ म्हणतात. सुटलेली खोळ त्याच दिवशी, सूर्य बुडण्याआधी पैनगंगेत सोडायची आणि उघड्या दगडावर नवा शेंदूर सुरू करायचा, असा रिवाज. मागची खोळ कुसुमबाईंच्या सासूच्या हयातीत सुटली होती.

कुसुमबाईंचे दीर डोमाजी गावचे माजी सरपंच. एका सकाळी मला सोबत घेऊन सुधाकररावांनी देवीपुढे त्यांनाच गाठले.

"डोमाजी, मला फक्त एक दिवस द्या. बाकायदा साफ करतो, चेहरा पाहतो, संध्याकाळी तुमचा शेंदूर पुन्हा चढवा. पुरातत्त्वाचा बोर्ड लागेल, डांबरी रस्ता येईल."

"चेहरा पाह्याले खरवडा लागते?" कुसुमबाई म्हणाल्या. "मंग लग्नात नवरीचा चेहरा कसा पाह्यला होता जी तुमी? विळ्यानं?"

जमलेल्या बाया हसल्या. सुधाकररावांनी चष्मा पुसला. "बाई, हे शास्त्र आहे."

"असंल. माय आपल्या मनानं खोळ सोडते. तुमी घाई काऊन करून राह्यले?"

"वहिनी, एका दिवसाचाच तर सवाल हाय," डोमाजी म्हणाले. त्यांना रस्ता दिसत होता. कुसुमबाई उठल्या. लिंबाखाली जाऊन बसल्या.

आधी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत, थराचा एखादा तुकडा काढून त्यातले पापुद्रे मोजावेत, असे मी सुचवले. "चेहरा पाहायला अकरा वाजता पाहुणे येणार आहेत," सुधाकरराव म्हणाले. मिसलीतला कागद नोंदीवाचून न हलवणारा हा मनुष्य कास्टिक सोड्याची बादली, तारेचा ब्रश आणि छिन्नी घेऊन बसला.

रोमच्या मातीतून निघालेल्या संगमरवरी मूर्ती एके काळी रंगवलेल्या होत्या. त्यांचा रंग मातीने खाल्ला. उरलेला पांढरा दगड हेच प्राचीनांचे शुद्ध सौंदर्य, असे युरोपातल्या विद्वानांनी मानले आणि कुठे रंगाचा अंश दिसला तर तो मळ म्हणून धुऊनही टाकला. ही चूक पुसायला त्यांना कित्येक पिढ्या लागल्या. सुधाकररावांनी युरोपच्या त्या पुनरुज्जीवनातून नेमकी हीच एक गोष्ट आत्मसात केली होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी छिन्नी आत गेली आणि थर एका दणक्यात सुटला. तेल मुरून ठिसूळ झालेला दगडाचा पृष्ठभाग त्याच्यासोबत आला. समोर उरले ते खडबडीत, भुरकट, वाळूसारखे झडणारे टेकाड. नाक नाही, ओठ नाहीत, कपाळ नाही.

"अजून एक थर असेल," सुधाकरराव म्हणाले आणि आणखी दोन घाव घातले.

मी पडलेली खोळ उलटी केली. आतल्या बाजूला, जिथे दगडाचे पापुद्रे चिकटले नव्हते तिथे, चेहरा होता, साच्यासारखा, खोलगट. मिटलेले रुंद ओठ, कपाळावर एक पट्टी, एका कानात जड कुंडल. शिरस्त्राण नव्हते, अंबाडा होता. तो चेहरा आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

"कुसुमबाई, ही खोळ मला एक दिवस द्या. ठसा घेतो आणि परत आणून देतो."

त्यांनी खोळ माझ्या हातून काढून पदराखाली घेतली. "साहेबानंबी एकच दिवस मागतला होता."

पाहुणे आले, चहा घेऊन गेले. उन्हे कलायच्या आत बाया खोळ नदीत सोडून आल्या. सुधाकरराव तेव्हा कुसुमबाईंना बजावत होते, "प्राचीन शिल्पाला आता शेंदूर लावू नका."

"चेहरा तं तुमी खाल्ला," डोमाजी म्हणाले, "अंगाले तरी लावू द्या."

आठवड्याभराने सुधाकररावांनी पुरातत्त्व खात्याला अहवाल पाठवला. भाषा निर्दोष, समास सारखे सोडलेले, सोबत जोडपत्रांची यादी. त्यात वाक्य होते: "सदर यवन शिल्पाचा मुखभाग मध्ययुगीन आक्रमणकाळी भग्न झालेला आढळला." मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुझ्याकडे दुसरा पुरावा आहे का?" पुरावा पैनगंगेत विरघळत होता आणि ते त्यांना ठाऊक होते.

मी एका पानाचा जबाब लिहिला: तारीख, वेळ, हत्यारे, उपस्थित माणसे. सावरगोंदीला जाऊन वाचून दाखवला. डोमाजींनी मान खाली घालून सही केली. कुसुमबाईंनी तो दोनदा वाचायला लावला. शेंदराने लाल झालेली बोटे लुगड्याला पुसत त्या म्हणाल्या, "मी लिंबाखाली बसून पाहत होती, साहेबाचा हात धरला नाही. थेबी लिवा."

मी लिहिले. मग त्यांनी अंगठा दिला.