आबांच्या सायकलचं कॅरियर

वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी सायकल धुळ्यात दुरुस्तीला टाकली तेव्हा माझ्याकडे तीनशे रुपये होते. टायर, चेन आणि ब्रेकचे रबर घ्यायचेच होते. उरलेल्या पैशात एकच वस्तू बसत होती. मी मऊ सीट निवडली आणि गंजलेलं कॅरियर काढून टाकलं. सत्तरीत आबा कसलं ओझं नेणार?

सायकल पाहून ते खूश झाले. मग मागे हात फिरवत म्हणाले, “मंग तुनी माय कोठे बसी?”

“मी यष्टीमा जासू!” आई हसली. पण कॅरियरवर अंथरायचं पोतं तिनं धुऊन वाळत घातलेलं मला दिसलं.

दुसऱ्याच दिवशी सीट परत करून मी जाड सळईचं कॅरियर आणलं. आबा जुन्याच फाटक्या सीटवर बसले आणि आई मागे.