आबांच्या कॉटखाली वाजलेलं यंत्र

बारामतीत आमचा मंडपाचा आणि भांडी भाड्यानं द्यायचा धंदा आहे. लग्न उरकलं की भांडी परत आणायची, आणि दर वेळी काहीतरी कमी भरायचं. कधी झारा, कधी पातेलं, एकदा तर अख्खी शेगडी. शेवटी कंटाळून मी पुण्याहून रेडिओ टॅग आणले आणि मोठ्या भांड्यांना बिल्ल्यासारखे पक्के बसवून टाकले. सोबत पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र. टॅगच्या जवळ नेलं की ते टीं टीं वाजतं आणि कोणतं भांडं आहे ते पडद्यावर लिहून येतं.

आमच्या वडिलांना, तात्यांना, वाटलं आता घरबसल्या सगळा तालुका दिसणार.

"कळसच्या लग्नातली मोठी परात आली न्हाय. कुठं हाय बघ बरं," ते म्हणाले.

"तात्या, जवळ गेल्याशिवाय नाही कळत."

"मग डोळं काय वाईट हायेत? डोळ्यांनी बी जवळ गेल्यावरच दिसतंय की!"

मी निमूटपणे यंत्र घेऊन कळसला गेलो. लग्नघरच्या ओसरीत नवरीचे आजोबा, आबा, लोखंडी कॉटवर ऐसपैस बसले होते. मी रामराम केला, तोच हातातलं यंत्र वाजायला लागलं. एक पाऊल पुढं टाकलं तर आणखी जोरात.

आबांनी छातीवर हात ठेवला. "लांब धर ते! माझ्या काळजात मशीन बसवलंय डॉक्टरनं. त्याच्यामुळं वाजतंय."

मी घाबरून उडीच मारली मागं. मग पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं, 'परात, मोठी'.

आता ऐंशीच्या घरातल्या माणसाला, तुमच्या काळजाच्या जागी आमची परात दिसतेय, हे सांगायचं कसं?

"आबा, जरा उठता का?"

"गुडघं धरल्यात."

"मग मी वाकून बघू का खाली?"

"तितं साप निघाला हुता काल."

साप म्हटल्यावर नवरीच्या आजी काठी घेऊन घरातून धावत आल्या. आबा "अगं न्हाय, गेला तो" म्हणेपर्यंत त्यांनी कॉटखाली काठी घातली. ठण्ण आवाज झाला. आजींनी पोत्याखाली झाकलेली परात ओढून बाहेर काढली. आत लग्नातली बुंदी. एका बाजूनं चांगलीच खाल्लेली.

"ही तर पाव्हण्यांना वाटली म्हणालात!" आजी कडाडल्या. "डॉक्टरनं साखर बंद केली ना तुमची?"

आबांचा आवाज एकदम बारीक झाला. "जन्मभर भवानीनगरच्या साखर कारखान्याला ऊस घातला मी. आन् आता चहात चमचाभर बी न्हाय?"

मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. आजींनी बुंदी डब्यात ओतली, डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि परात घासून माझ्या हातात दिली. मला चहा मिळाला, गोड. आबा माझ्या कपाकडं असे बघत होते की मला घोट गिळवेना. आजी आत वळल्या तसा मी उरलेला अर्धा कप त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि म्हणाले, "माणूस चांगला हायेस. धंदा वाईट हाय तुझा."

गोष्ट मात्र माझ्या आधी बारामतीत पोचली, आणि वाटेत तिचा आकार बदलला. आमच्याकडं चोरून खाल्लेलं गोड पकडायचं यंत्र आलंय, असं लोक बोलायला लागले. आठवड्याभरात कऱ्हाटीहून एका आजींचा फोन आला.

"ते मशीन म्हैनाभर भाड्यानं मिळंल का? आमच्या म्हाताऱ्याला बी शुगर हाय."

मी त्यांना समजावलं की यंत्राला भांडं कळतं, आतलं गोड कळत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. शेजारी बसलेले तात्या मला खुणेनं विचारत होते, भाडं किती सांगायचं.