तापलेल्या सर्व्हरवरचा निकाल

त्या निकालाची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं.

प्रताप नगरातल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. कामठीच्या एका कॉलेजला एकाच सर्व्हरवर मुलांसाठी बरीच व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारे अनेक आभासी संगणक, चालवून द्यायची होती. त्यासाठी दोन ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारी, सॉफ्टवेअरं निवडीला होती. एक माझ्या सीनियरचं लाडकं, दुसरं मी सुचवलेलं. दोन्ही एकाच सर्व्हरवर चालवून बघा आणि जे वेगवान ते घ्या, असं मालकांनी सांगितलं. तपासणी मात्र सीनियरकडे दिली.

मे महिना. त्यानं स्वतःचं सॉफ्टवेअर सकाळी, एसी लावून चालवलं. दुपारी सर्व्हिसिंगसाठी एसी बंद झाला, खोलीची भट्टी झाली, आणि नेमकं तेव्हाच त्यानं माझं लावलं. सर्व्हर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. हे त्याला माहीत नव्हतं, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. थांब म्हटलं, तर म्हणाला, रिपोर्ट आजच द्यायचा आहे.

माझं सॉफ्टवेअर हरलं. मीटिंगमध्ये आलेख दाखवताना तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी एसी चालू ठेवून मी दोन्ही पुन्हा चालवली. फरक जेमतेम होता. डिस्कवर माहिती साठवण्याच्या वेगात तर माझं पुढे. ते आकडे घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद न वाचताच बाजूला सारला.

"दोन्ही फुकटचेच आहे ना? मंग काहून येवढं मनावर घेऊन राहिली तू?"

"सर, तपासणीच खोटी झाली. त्या रिपोर्टवर माझंही नाव आहे."

तुझं नाव काढून टाकू, म्हणाले. आणि खरंच काढलं.

कॉलेजात सीनियरचं सॉफ्टवेअर बसलं. ते नीट चालतं, हेही सांगायला हवं. कुणाची तक्रार नाही. चीड त्याचीच जास्त येते. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून काही चुकलं असं कुणाला वाटलंच नाही. तो टीम लीड झाला, मी नोकरी सोडली.

मध्यंतरी इतवारीत भांड्यांच्या गल्लीत तो समोर आला. कशी आहेस, म्हणून विचारलं. पुढे हातगाडी अडकलेली, त्यामुळे निघताही येईना. गाडी हलेपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून दुकानातल्या पातेल्यांकडे बघत राहिले.