मिस्त्रींची नडगी

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना एक खोड होती. बसवलेली प्रत्येक फरशी ते बोटाच्या पेरानं ठोकून बघत. पोकळ वाजली की उखडलीच. आता लिम्फोमाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी मिस्त्रींच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशी काढून ठेवल्या, जबर औषधांनी हाडातला मगज पार धुऊन काढला आणि त्या पेशी परत अंगात सोडल्या. त्या रुजल्या तरच मिस्त्री घरी जाणार. म्हणून काचेच्या खोलीत ते रोज सकाळी स्वतःची नडगी ठोकत.

"पोकळ!" ते फोनवर बायकोला सांगत. ती काचेपलीकडे मास्क लावून बसलेली असे.

"हाडाला तरी फरशी समजू नका!"

पेशी सोडल्यापासून बाराव्या दिवशी नर्सबाई हसतच आल्या. लढाऊ पांढऱ्या पेशी पाचशेवर गेल्या होत्या! मिस्त्रींनी लगेच टॉवेल आणि चपला पिशवीत कोंबल्या.

"थांबा मिस्त्री," नर्सबाई म्हणाल्या. "सलग तीन दिवस पाचशेवर राहिल्या, तरच रुजल्या म्हणायचं."

"तीन दिवस? अहो बाई, मी ठणठणीत आहे!"

फोन चालूच होता. बायको कडाडली, "लोकांच्या घरात काय गर्जता तुम्ही? 'ताज्या फरशीवर तीन दिवस कुणी पाय ठेवला, तर तंगडी मोडीन!' आता स्वतःच उड्या मारताय?"

मिस्त्रींनी मुकाट चपला बाहेर काढल्या.

चौदाव्या दिवशी आकडा अकराशेवर पोचला. मिस्त्रींनी नडगी ठोकली, वाकून कान दिला.

"भरीव!"

"आता तेवढं डोकंही ठोकून बघा," बायको म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.