कट्ट्याच्या पेटीची हाक

निम्मी वाट सरली तरी योगिनी गप्पच होती. कट्टा गावात एसटी चुकली म्हणून आम्ही दोघी घरी चालत निघालो होतो. एरवी ही शेजारून बोलायला लागली की माझा जप दोनदा चुकतो.

"गो, तोंडात गुळणी धरलंस काय?"

मासे विकणाऱ्या हौसाबाईची ही लेक. आईची टोपली बाजारात पोचवून मग कॉलेजची गाडी पकडायची. आता कणकवलीला इंटरनेट कंपनीत राउटर सांभाळते. राउटर म्हणजे नेटची पेटी. गावोगावच्या पेट्या एकमेकींना जोडलेल्या.

"काकी, सायबान बाळादादाक सांगल्यान, सोमवारपास्ना येव नको."

बाळा केबल जोडायचं काम करतो. बुधवारी कट्ट्याची लाइन तीन तास बंद पडली, दवाखान्याचं कामही अडलं. बाळाने केबल चुकीची लावली, असं ठरलं.

"मगे, चुकीची लावल्यान काय?"

"नाय गो. केबल बरोबर होती. चुकलंय मी."

मग तिने समजावलं. पेटी दर पाच सेकंदांनी तारेवर हाक घालते, मी आसंय म्हणून. पलीकडची हाक आली की शेजार जुळतो. मग नेटवरचा कुठला माल कुठे धाडायचा, त्याच्या चिठ्ठ्या त्या एकमेकींना देतात. पंधरा सेकंद हाक आली नाही, तर शेजारी नाहीच असं धरतात. बाळाने केबल पेटीच्या नव्या खाचेत लावली, सांगितली तशी. त्या जागी हाक चालू करायचं काम योगिनीचं. ती विसरली. दिवा हिरवा, केबल धड, पण पेटी मुकी.

"म्हणजे देवाक गाराणा घातला आणि मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणूक कोण नाय!"

ती पहिल्यांदाच हसली. "अगदी तसाच!"

"सायबाक सांगलंस?"

"चूक गावली तशी गपचूप चालू केलंय. माका अजून नोकरीत कायम करूक नाय, काकी. आणि बाळादादा माका काल विचारता, पोरी, माझा खंय चुकला?"

मी मनात देवीचं नाव घेतलं नि चालत राहिले. बाळाच्या घराकडे वाट फुटते तिथे ती थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काकी, माझ्यावांगडा चल. आधी तेका सांगतंय, मगे थयसूनच सायबाक फोन लावतंय. तू काय बोला नको. मी मधीच गप रवलंय तर फक्त 'व्हय' म्हण."