दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

"दिनकर, तम्मा गेला," असं अक्कांनी फोनवर सांगितलं, तेव्हा क्षणभर मला कळेचना, कोण गेलं. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्या भूपालला त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्याची थोरली बहीण, अक्का. बाकीच्यांचा तो अण्णा, माझा नुसता भूपाल. दुपारी जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही... सव्वा महिना झाला. अजूनही पाच वाजले की मी पायात चप्पल सरकवतो आणि मग आठवतं.

एका छापखान्यात तो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि मी मुद्रितं तपासायचो. मी दाखवलेली एकही चूक त्यानं भांडल्याशिवाय कबूल केली नाही. "चष्मा बदल जा की आधी!" हे भर कारखान्यात ओरडून. घराणं जयसिंगपूरकडचं, जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. पाच वाजले की मालक समोर उभे असले तरी हा हातातले खिळे ठेवून सायकलवर टांग टाकायचा. विधवा होऊन भावाकडं आलेल्या अक्का त्याच्यासाठी थांबलेल्या असत. स्वयंपाकघराच्या दारातूनच तो हळूच विचारायचा, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का. आत्तापर्यंत ही बाई त्याच्याआधी कधी जेवलेली नाही हे ठाऊक असूनही विचारायचा. "इन्नू इल्ला," अजून नाही, असं तितक्याच हळू आतून यायचं आणि मग पानं वाढली जायची. त्यांच्या आईची, अव्वाची, ती घरातली कानडी.

पुढं छापखाना बंद पडला. आमच्यातले कोणी बागेत फिरायला लागले, कोणी दुखण्यांना लागले. भूपाल हिब्रू शिकायला लागला! पोरानं पुण्याहून मोबाइल पाठवला होता, त्यावर. मी पोट धरून हसलो. "कोल्हापुरात हिब्रू कुणाशी बोलणार हायस?"

"तुझ्याशी न्हाय बोलणार, घाबरू नगंस."

"आणि उजवीकडनं डावीकडं वाचणार कसा?"

"जलमभर खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचली की रं. ह्यात काय अवघड हाय?"

दोन महिन्यांनी त्यानं आर्मेनियनही धरली. दोघींसाठी वही मात्र एकच, जाड बांधणीची. आर्मेनियन पुढून सुरू केली, हिब्रू मागून. एक डावीकडून येणार, दुसरी उजवीकडून, आणि मध्ये कुठंतरी गाठ पडणार, असा त्याचा बेत. रोज संध्याकाळी जेवण उरकून तो गॅलरीत बसायचा आणि मला चहा पाजून दोघींची तुलना ऐकवायचा. हिब्रूची अक्षरं बावीस, म्हणून जुळाऱ्याला सोपी; पण ती स्वर बहुधा लिहीतच नाही, वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं घालायचे. आर्मेनियन अडतीस-एकोणचाळीस अक्षरं घेऊन बसते, पण स्वर नीट मांडते. आर्मेनियन म्हणे मराठीची लांबची चुलतबहीण, दाराला 'दूर' म्हणते. हिब्रूचं आपल्याशी गोत नाही, ती दाराला 'देलेत' म्हणते. मी जांभया द्यायचो. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

एका संध्याकाळी मात्र गंभीर झाला. "दिन्या, हिब्रू बघ. शेकडो वर्षं पोथीत हुती, प्रार्थनेत हुती, पर घरात दूध मागायला कुणाच्या तोंडात न्हवती. मग काही येड्या माणसांनी ठरवलं, पोरांशी हीच बोलायची. झाली की घरची! आर्मेनियन तोंडातनं कधी गेलीच न्हाय. मुलूख सोडून पळाली माणसं, तरी संगं घेऊन गेली. आता परमुलखात नातवंडं आज्जीला दुसऱ्याच भाषेत उत्तर देत्यात. एकीला पोथीनं राखलं, एकीला तोंडानं. आमच्या अव्वाच्या बोलीला पोथी न्हाय, आन् तोंडं दोनच. माझं आन् अक्काचं."

मी आपला नेहमीचा आगाऊपणा केला. म्हणालो, "अरे, एस.टी.त बस, तासाभरात कानडी बोलणारी गावंच्या गावं लागतील."

तो उसळला. "ती त्यांची कानडी! अव्वाची न्हवं!" आठवडाभर त्यानं मला दारात उभं केलं नाही. आठव्या दिवशी स्वतःच आला आणि उभ्याउभ्या सांगितलं, "मीच बंद केली रं. पोरगं शाळेत जायला लागलं, तेव्हा. मला वर्गात 'कानडी आप्पा' म्हणून चिडवायचे, ते त्याच्या वाट्याला नको म्हटलं. अक्काला बजावलं, पोरासमोर कानडी बोलायची न्हाय. तिनं आजवर मोडलं न्हाय." त्या बहीणभावांचं बोलणं नेहमी स्वयंपाकघरात, हळू आवाजात का चालतं, हे मला तीस वर्षांनी कळलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या पोरानं ती वही माझ्याकडं दिली. "काका, यातलं मला काही कळत नाही. आणि आत्याकडं जरा जाऊन या. बाबा गेल्यापासून बोलतच नाही." वही उघडली. पुढून आर्मेनियन, मागून हिब्रू, छापल्यासारखं अक्षर. मध्ये शिवणीचा दोरा दिसतो त्या पानावर देवनागरीत 'अव्वाची बोली' असं लिहिलेलं, खाली एकच ओळ, 'ऊटा आतेनु?' त्याखाली पेन्सिलीनं लिहून पुन्हा पुन्हा खोडलेलं. पुढची पानं कोरी. दोन परक्या भाषा सरळ लिहून काढणारा माझा मित्र इथं अडला होता. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

वही घेऊन पाच वाजता गेलो. अक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर ताट झाकलेलं. पोरगा दारात उभा होता. मी वहीत बघून, जमेल तसं वाचलं, "ऊटा आतेनु?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पोराकडं पाहिलं, जणू परवानगी मागत होत्या. पोरगा खाली बसला आणि म्हणाला, "बोल की आत्या."

"इन्नू इल्ला," अक्का म्हणाल्या. मोठ्या आवाजात. आणि ताटावरचं झाकण काढून माझ्याकडं सरकवत, "बा, तम्मा." 'बा' म्हणजे ये, एवढं मला कळलं.

मी कधीच आठाच्या आत जेवत नाही. त्या दिवशी ऊन असताना जेवलो. अक्का बोलत होत्या, घडाघडा, त्यापुढचा एकही शब्द मला कळत नव्हता, आणि शेजारी मांडीवर ती वही घेऊन त्यांचा भाचा पेन्सिलीला टोक काढत म्हणत होता, "आत्या, हळू सांग... हळू सांग की."